उल्कावीराचा पहिला चेहरा

सेटवर तिचं खरं नाव कुणी घेत नसे. दिग्दर्शकापासून दिवे उचलणाऱ्यांपर्यंत सगळे तिला वहीताई म्हणत. ‘उल्कावीर’ ही मालिका नऊ वर्षं चालू होती, आणि नऊही वर्षं वहीताई कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला घडीच्या खुर्चीवर मांडीवर वही घेऊन बसत आली होती. नायकाचा मुखवटा कुठल्या बाजूला फाटला, जखम कुठल्या भुवईवर, टेबलावरचा कप भरलेला की अर्धा, हे टिपून ठेवायचं तिचं काम. निम्मा प्रसंग सोमवारी आणि निम्मा शुक्रवारी घेतला, तरी पडद्यावर सांधा दिसता कामा नये. वह्या एकशे बेचाळीस झाल्या होत्या. तिला मात्र बहुतेक गोष्टी वही न उघडताच आठवत.

आठवण ठेवण्यासारखं खूपच होतं. उल्कावीराचा चेहरा आतापर्यंत दोनदा बदलला होता. पहिला नट दोन वर्षांनी भांडून गेला, तेव्हा प्रयोगशाळेत स्फोट झाला, नायकाच्या तोंडाला पट्ट्या बांधल्या गेल्या आणि पट्ट्या सुटल्या तेव्हा आत दुसराच नट होता. तो दुसरा सिनेमात गेला तेव्हा तर कुणी स्फोटाचीही तसदी घेतली नाही. एका सोमवारी उल्कावीराने मुखवटा काढला आणि खाली तिसराच गडी निघाला. हा तिसरा चौथ्या वर्षी मिशी लावून खलनायकाचा अंगरक्षक झाला होता, हे लोकांनी विसरावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. सुरुवातीच्या दोन वर्षांतली नायिका आता नायकाची आई होती. आई मुलापेक्षा तीन वर्षांनी लहान.

घरी वहीताईच्या सासूबाई एकही भाग चुकवत नसत. “अगं, हिला मी याच्याबरोबर नाचताना पाहिलंय,” असं त्या म्हणायच्या आणि वहीताई मान खाली घालून जेवायची.

नवव्या वर्षी मुख्य लेखक आपले दोन्ही मदतनीस घेऊन दुसऱ्या चॅनेलवर गेला. पुढच्या महिन्याचा एकही भाग लिहून झालेला नव्हता. दिग्दर्शकाने आणि चॅनेलच्या मॅडमनी मिळून एका दुपारी तोडगा काढला: तिसऱ्या वर्षीची गोष्ट पुन्हा करायची. नायकाची शक्ती जाते, तो हताश होतो, गुरू त्याच्यासाठी जीव देतो, शक्ती परत येते. बघणारे बदललेत, कुणाच्या लक्षात आहे, असं मॅडम म्हणाल्या. शिवाय त्यांनी पहिल्या नटाला परत आणलं होतं. त्याला मधल्या काळात फारसं काम नव्हतं आणि त्याचा रागही निवला होता. आता तो खलनायक होणार होता. सोय म्हणून चार जुने चेहरे कमीही करायचे ठरले. त्यात प्रोफेसर होते.

प्रोफेसर म्हणजे तिसऱ्या वर्षी मेलेले गुरू. गुरू मेल्यावर त्या म्हाताऱ्या नटाला घरी बसवणं दिग्दर्शकाच्या जिवावर आलं, म्हणून गेली पाच वर्षं ते खोटी दाढी चिकटवून खलनायकाच्या वाड्यावर पहारेकरी म्हणून उभे असत. आठवड्याला एखादं वाक्य मिळे. तरी येताना घरून भूमिकेला इस्त्री केल्यासारखे कडक होऊन यायचे.

वहीताईला निरोप आला की तिसऱ्या वर्षाच्या वह्या काढून ठेवा. तिने सोळा वह्या काढल्या, धूळ पुसली आणि त्या घेऊन घरी गेली. गोष्ट पुन्हा वापरायचा तिला राग नव्हता. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तिने त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “लिफ्ट रोज त्याच मजल्यांवर जाते, त्याबद्दल कोण तक्रार करतं? मध्येच अडकली की बोंब होते.” तिला ते पटलं. ही गोष्ट कुठे अडकणार हेही तिला स्वच्छ दिसत होतं. पहिला उल्कावीर समोर येऊन उल्कावीरालाच मारू लागला, तर सासूबाईंसारख्या हजारो बायका विचारणार, हा कोण?

रविवारी सकाळी तिने वह्या जेवणाच्या टेबलावर पसरल्या. वाचता वाचता दोन नोंदींवर तिचं बोट थांबलं. शस्त्रक्रियेच्या प्रसंगाला टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात प्लास्टरचा साचा होता. प्रोफेसरांनी नायकाच्या जुन्या चेहऱ्याचा घेतलेला. त्या साच्याचं पुढे काय झालं, हे कुठल्याच भागात नव्हतं. आणि प्रोफेसर पुलावरून नदीत पडले, त्याखाली तिनेच लिहिलं होतं: “प्रेत दाखवण्याचा शॉट राहिला. उजेड गेला.” तो शॉट पुढे कधीच घेतला गेला नव्हता. ती खुर्चीत मागे टेकली. दुपारपर्यंत सगळी गोष्ट तिच्या डोक्यात उभी राहिली, आणि तिला भूक लागल्याचंही कळलं नाही.

सोमवारच्या बैठकीत तिला फक्त वह्या ठेवून जायचं होतं. ती दाराशी थांबली आणि दिग्दर्शकाला म्हणाली की दहा मिनिटं द्या. त्याने घड्याळ बघून पाच दिली. तिने चारच घेतली. खलनायकाच्या माणसाने तो साचा चोरला आणि उल्कावीराचा पहिला चेहरा स्वतःला लावून घेतला. पहिला पोशाख अजून कपडेपटात लटकतोय, तो त्याच चेहऱ्याला उघडतो. म्हणजे चोराला शक्ती मिळते आणि शहर त्यालाच खरा मानतं. खऱ्याकडे शक्ती नाही आणि दाखवायला चेहराही नाही. त्याला वाचवू शकेल असा एकच माणूस आहे, पोशाख बनवणारा गुरू. तो मेलेला नाही. दाढी लावून पाच वर्षं शत्रूच्या दारात पहारा देतोय.

दिग्दर्शकाने खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगा म्हणाला.

दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर मॅडमनी वहीताईचे आभार मानले, वह्या आपल्याकडे ओढल्या आणि म्हणाल्या की एक नवा लेखक उद्या येतोय, तो यातून लिहून काढेल. पडद्यावर नाव अर्थातच त्याचं राहील, तसा करार आहे.

वहीताई जागची हलली नाही. “वह्या कंपनीच्या आहेत, खुशाल घ्या,” ती म्हणाली. “गोष्ट माझी आहे. ती लिहीन मीच, आणि वर ‘कथा’ म्हणून नाव माझं येईल. नाहीतर तिसऱ्या वर्षीची गोष्ट आहेच तुमच्याकडे.”

आवाज चढवला नव्हता. ती मेकअपच्या खोलीत जाऊन बसली. नऊ वर्षांत तिने कुणाला ‘नाहीतर’ म्हटलं नव्हतं. तरी शब्द मागे घ्यावेत असं एकदाही वाटलं नाही. तासाभराने दिग्दर्शक स्वतः आला. मॅडम तयार झाल्या आहेत, म्हणाला, पहिले सहा भाग गुरुवारपर्यंत मिळतील का? ती म्हणाली, बुधवारी देते.

प्रोफेसरांना तिने स्वतः जाऊन सांगितलं. ते व्हरांड्यात दाढी चिकटवत बसले होते. ऐकून घेतलं आणि आरशात बघतच विचारलं, “म्हणजे ही दाढी मी सगळ्यांसमोर ओढून काढायची?”

“हो. कुठल्या हाताने ते तुम्ही ठरवा. मी टिपून घेते.”

“उजव्या,” ते म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी तोच हात वापरला.

तो प्रसंग घेतला त्या दिवशी जेवायची सुट्टी झालेली असूनही कुणी बाहेर गेलं नाही. पहिला उल्कावीर एका बाजूला, तिसरा दुसऱ्या बाजूला, मध्ये म्हातारा. पहिला नट टेक झाल्यावर वहीताईकडे आला. इतकी वर्षं लोक रस्त्यात विचारायचे की तुझं काय झालं, आता सांगायला काहीतरी आहे, म्हणाला. तिने त्याला सांगितलं की जखम डाव्या भुवईवर हवी, तुमची उजवीकडे काढलीय, आधी ती पुसून या.

भाग दाखवला तेव्हा सासूबाई टीव्हीच्या इतक्या जवळ सरकल्या की मागच्यांना काही दिसेना. सुरुवातीला सुनेचं खरं नाव झळकलं, ते त्यांनी मोठ्याने वाचलं. दुसऱ्या दिवशी नवरा दुरुस्तीला गेलेल्या तिन्ही इमारतींत ही बातमी पोचली होती. दाढी निघाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “मला पहिल्यापासून संशय होता.” तो कुणालाच नव्हता, लिहिणारीलाही नव्हता, पण वहीताईने मान डोलावली.

लिहायला लागल्यावर तिने वही दुसऱ्या कुणाकडे सोपवावी, असं दिग्दर्शकाने सुचवून पाहिलं. दोन माणसं येऊन गेली. एकाने अंगठी बोट बदलून लिहिली, दुसऱ्याने वहीच हरवली. तेव्हापासून ती दोन्ही कामं करते. सकाळी लिहिते, दुपारी खुर्चीवर बसते.

पुढच्या वर्षी मॅडमनी तिला चहाला बोलावलं. चेहऱ्याची गोष्ट फार चालली होती, म्हणून तीच पुन्हा करता येईल का, तिसरा नटही आता सोडून जायचं म्हणतोय, असं त्यांनी जरा चाचरत विचारलं.

“करू की,” वहीताई म्हणाली आणि कोरी वही उघडली. “पण या वेळी चोर बाई असेल. आणि तिची बाजू खरी असेल.”