टिश्यूच्या पाकिटावरची वकीलबाई

वकील म्हणून माझा फोटो पहिल्यांदा छापून आला तो टिश्यूच्या पाकिटावर. काळा कोट, हाताची घडी, चेहऱ्यावर समजूतदार हसू आणि खाली इंग्रजीत, ‘आधी डोळे पुसा, मग आम्हाला फोन करा.’

आमची फर्म लहान, मुख्यतः घटस्फोटाची कामं करणारी. सिंगापूरमध्ये वकिलांच्या जाहिरातींवरचे नियम तेव्हा बरेच सैल झाले होते आणि आमच्या साहेबांच्या अंगात जाहिरात संचारली होती. माझा चेहरा बघून बायकांना मोकळेपणाने रडावंसं वाटेल, असं त्यांचं म्हणणं. ही स्तुती होती का, ते मी विचारलं नाही. ऑफिसजवळच्या एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनच्या दाराशी उभी राहून एक म्हातारी ती पाकिटं फुकट वाटायची. कोर्टात ओळखीचे वकील मला बघून मुद्दाम नाक पुसायचे. मी हसण्यावारी न्यायचे आणि बिशानच्या रिकाम्या फ्लॅटवर येऊन गप्प बसायचे. सांगायला घरी कुणी नव्हतं.

नेमके त्याच दिवसांत बाबा आले. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. साताऱ्याच्या कोर्टात त्यांनी चाळीस वर्षं वकिली केली, आणि दारावर पाटी होती वीतभर. नाव आणि पदवी, बास. ती जरा मोठी करा असं आई म्हणाली की ते उखडायचे. “दुकान आहे का हे?” मी इंग्लंडात शिकून इथे वकील झाले तेव्हा सगळ्या बाररूमला त्यांनी पेढे वाटले होते. त्यांच्या नजरेतून उतरायची मला धास्ती होती. बाकी जग काय म्हणतं ते मी सोसलं असतं. म्हणून घरातली पाकिटं मी कपाटात कोंबली.

दिवसभर घरात एकटे कंटाळतील, म्हणून पहिल्या सोमवारी मी त्यांना दुपारी ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, जेवायला बोलावलं. एमआरटीने ते वेळेवर पोचले. मला पंधरा मिनिटं उशीर झाला.

मी गेले तर बाबांच्या भोवती कोंडाळं. हातात ट्रे घेतलेली पाच-सहा माणसं वैतागून बोलत होती आणि बाबा कापडी पिशवी छातीशी धरून उभे होते. काय झालं ते माझ्या लगेच लक्षात आलं. दुपारच्या गर्दीत इथे टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून लोक रांगेत उभे राहतात. पाकीट दिसलं की ती जागा कुणीतरी धरलेली, दुसरं कुणी तिथे बसत नाही. बाबांना हे कुठून माहीत असणार! त्यांनी ती सगळी पाकिटं गोळा केली होती, आणि मोकळ्या दिसणाऱ्या टेबलांवर दुसरेच लोक जाऊन बसले होते.

“अगं, तुझा फोटो आहे यावर,” बाबा म्हणाले. “टेबलाटेबलावर पडला होता. एक जण तर पाकिटावर वाडगा ठेवून जेवत होता.”

ट्रेवाल्यांपैकी एकाने पाकिटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “एह, यू द लॉयर, आह?”

सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मी बाबांवरच ओरडले. “इथे अशीच वकिली करतात, बाबा! तुमची वीतभर पाटी इथे कुत्रं वाचणार नाही.”

एकेका टेबलाशी जाऊन बाबांनी पाकिटं परत दिली, प्रत्येकाला ‘सॉरी’ म्हणाले. मग आम्ही डोसा खाल्ला. संध्याकाळी घरी त्यांनी एवढंच विचारलं, “कोर्टात मान देतात ना तुला?”

“देतात की.”

आयुष्यभर उलटतपासण्या घेतलेल्या माणसाने पुढचा प्रश्न विचारला नाही.

त्यानंतर तीन आठवडे ते रोज दुपारी तिथेच जेवायला यायचे. “जमलं तर ये,” असं सकाळी सांगायचे. मला जमलं नाही. कधी सुनावणी, कधी अशील. खरं सांगायचं तर त्या लोकांसमोर त्यांच्याबरोबर पुन्हा बसायची मला लाज वाटत होती. मी ऑफिसातल्या टेबलावरच सँडविच खायचे. “हरकत नाही, काम आधी,” बाबा म्हणायचे. विमानतळावर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते आत गेले.

आठवड्याभराने मी एकटीच तिथे जेवायला गेले. डोसेवाल्या तमिळ आंटीने मला लगेच ओळखलं.

“युअर फादर गो बॅक आलरेडी?”

मी हो म्हणाले. खांबाजवळचं एक टेबल तिने बोटाने दाखवलं. बाबा रोज तिथे बसायचे म्हणे. समोरच्या बाजूला टिश्यूचं एक पाकीट ठेवायचे, फोटो वर येईल असं. म्हणजे एक पाकीट त्यांनी स्वतःसाठी ठेवून घेतलं होतं. तिथे बसू का, असं कुणी विचारलं की ते पाकिटावर बोट ठेवायचे.

“एव्हरी डे ही से, माय डॉटर, अ‍ॅडव्होकेट, कमिंग,” आंटी म्हणाली. “वेट टिल वन थर्टी, देन ही ईट अलोन, लाह.”

डोसा घेऊन मी त्याच टेबलाशी, बाबांच्या जागेवर बसले. थोड्या वेळाने एक माणूस ट्रे घेऊन आला आणि समोरच्या खुर्चीकडे बघून त्याने विचारलं, इथे कुणी येणार आहे का?

बाबा तीन आठवडे या प्रश्नाला हो म्हणत आले होते. मी नाही म्हणाले, आणि तो बसला.