गजर आणि गोळी

घाटकोपरच्या भटवाडीत लवू परबांना नुसतं लवू म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. सगळ्यांचे ते बुवा. संपात गिरणी गेली, विक्रोळीला वॉचमनकी पत्करावी लागली, पण भजनाची पेटी बुवांची ती बुवांचीच. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांना हार्ट अटॅक आला आणि पेटी काशीराम घाडीकडे गेली.

हा काशीराम म्हणजे जन्मभर बुवांच्या मागे बसून झांज वाजवलेला माणूस. मंडळींनी बसवला म्हणून पुढे बसला एवढंच. पण बुवांना वाटलं, मेला टपूनच होता.

डॉक्टरांनी विडी सोडायला लावली, मीठ-खोबऱ्यावर हात आखडायला सांगितला, सकाळी चालायला लावलं. बुवांनी सगळं ऐकलं. "ही गोळी ठोके आवरते ठेवील. आपल्या मनाने बंद करायची नाही," असंही डॉक्टर म्हणाले होते. त्यातलं पहिलंच वाक्य बुवांच्या डोक्यात राहिलं.

दर शनिवारी चाळीच्या चौकात भजन व्हायचं. बुवा खाटेवर पडून कान लावायचे, काशीराम कुठे चुकतो ते ऐकायला. तो चुकायचा नाही. शेवटचा द्रुत गजर सुरू झाला की चौक डोलायचा आणि बुवा भिंतीकडे तोंड फिरवायचे. एकदा दुधी चिरता चिरता त्यांची बायको जानकीही मान हलवू लागली.

"बरो गाता काशीराम," ती म्हणाली. त्या दिवशी बुवांनी ताटातल्या दुधीला हात लावला नाही.

पुढे जरा बरं वाटल्यावर ते तालमीला बसले. अभंग जमला, गजर उचलेना. लय खाली बसली आणि मंडळींच्या नजरा काशीरामकडे वळल्या. घरी येऊन बुवांनी मनगटावर बोटं ठेवली, तर नाडीही संथ. मग काय, चोर सापडला. माझी लय या गोळीने खाल्ली.

गणपतीत मुलुंडच्या बुवांशी डबलबारी ठरली होती, दोन मंडळ्यांचा समोरासमोर सामना. तिथे काशीराम पेटीवर दिसला तर आपण मेलोच, असं बुवांना वाटत होतं. डॉक्टरांनी परवानगी दिलीय, असं त्यांनी दडपून सांगितलं आणि बारीच्या आधी काही दिवस गोळी बंद केली. तोंडात घालायची आणि जानकीची पाठ वळली की बाहेर काढायची.

बारीला गजर खरंच उचलला. मग छातीवर कोणी पाय दिल्यासारखं झालं, डावा हात जड पडला. थांबावं असं मनात आलं, तेवढ्यात मागून काशीरामची झांज ऐकू आली. आपण थांबलो की हा पुढे सरकणार. बुवा थांबले नाहीत, आणि पेटीवरच कोसळले. काशीराम पुढे सरकला खरा, पण पेटीला त्याने बोटही लावलं नाही. बुवांना उचलून टॅक्सीत घातलं आणि बारी सोडून दिली.

इस्पितळात बुवा बोलायच्या स्थितीत आले, तेव्हा तोच खाटेशी बसला होता. घरात लपवून टाकलेल्या गोळ्या जानकीला सापडल्या होत्या आणि तिने त्याला सांगितलं होतं.

"गोळी कित्याक सोडलात, बुवानू?"

"तुका काय कळतला? त्या गोळयेन माझो गजर मारल्यान."

काशीरामने शर्टाच्या खिशातून एक पट्टी काढून खाटेवर ठेवली. तीच गोळी. तेच नाव.

"दोन वर्सां मी हीच खातंय," तो म्हणाला. "पेटयेर बसान गायलंय, ता पण हीच खावन."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"सांगला असता तर तुमी माका मागेव बसाक दिला असता?"

दिलं नसतं; दुखणेकरी म्हणून घरीच बसवलं असतं. बुवांना ते पक्कं ठाऊक होतं. पण त्याहून मोठं दुखणं आत्ता कुठे उमगत होतं. गोळी तीच, ठोके तेवढेच संथ, आणि तरी त्या माणसाचा गजर चौक डोलवत होता. गोळीच्या माथी मारलेलं सगळं आता त्यांच्याच गळ्याशी येऊन थांबलं. जीव वाचवल्याबद्दल काशीरामला एकवेळ माफ करता आलं असतं, याबद्दल करता येत नव्हतं.

"पाणी दी," बुवा म्हणाले. गोळी गिळून होईपर्यंत त्यांनी काशीरामकडे पाहिलं नाही.