पोत्यावरचा पाटा

आज आमच्या किरनापूरच्या घरी मक्याचं हवाबंद पोतं उघडलं अन् सगळ्यात आधी सासूबाईनं वास घेतला.

मागच्या साली बुरशी लागलेला मका धुऊन कोंबड्यांले टाकला होता. धुतल्यानं बुरशीचं विष जात नाही, हे कोंबड्या मेल्यावर समजलं.

यंदा मका चांगला वाळवून या अन् आणखी एका अशाच पोत्यात भरला. पण सासूबाईले दर बाजाराच्या दिवशी हे समोरचं पोतं सोडून दाणे पाहाची सवय.

"आई, आत हवा गेली का बुरशी येते," मी सांगून थकली. शेवटी त्यांनीच पोत्यावर मसाल्याचा पाटा ठेवला, स्वतःले आवराले.

आज दाणे कोरडे निघाले, वासही नाही. सासूबाईनं मूठभर मका न धुता नव्या कोंबड्यांले टाकला अन् म्हणाल्या, "पाटा दुसऱ्या पोत्यावर ठेव."

तुमच्या घरी पोतं सोडून पाहाची घाई कोणाले असते?