साधंच वाढा

दुसऱ्याच्या घरी पोटभर जेवणं हेच खरं समाजकार्य, असं मनापासून मानणारा आणि ते व्रतासारखं पाळणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे संपर्कवाले. त्यांना नाव होतं, आडनावही होतं, आणि आडनाव ऐकलं की हे गृहस्थ नाशकातल्या कुठल्या आळीतले ते कुणालाही कळायचं. पण आमच्या कॉलनीत त्या नावानं त्यांना कधी कुणी हाक मारली नाही. आणीबाणी उठली, निवडणुका लागल्या आणि त्यांच्या पक्षाला एकाएकी शोध लागला की नाशिकरोडच्या बाजूला बौद्धांची एक कॉलनी आहे, तिथं माणसं राहतात आणि ती माणसं मतं देतात. मग पक्षानं वस्ती संपर्क समिती नेमली. समितीत बरेच जण होते म्हणे. प्रत्यक्षात आले ते हे एकटेच, सायकलवरून, धोतराला क्लिपा लावून, हँडलला झेंडा आणि कॅरिअरला छत्री अशा थाटात.

कॉलनीत शिरताना पहिलं घर आमचं, त्यामुळे ही समिती पहिल्यांदा आमच्याच ओट्यावर येऊन आदळली. मी तेव्हा जकात नाक्यावर कारकून होतो. दाढी राखली होती, खांद्याला शबनम होती, युवक मंडळाचा अध्यक्ष होतो, आणि आपण उठलो नाही तर क्रांती दुपारपर्यंत झोपून राहील अशी माझी खात्री होती. माझ्या आवाजाला धार आहे असं मला वाटायचं. आई म्हणायची, "लय वरडतो, घसा बसंल." तर असा मी मंडळाच्या पोरांसोबत दारात उभा असताना या गृहस्थांनी सायकल लावली, "नमस्कार... आपलं ते हे... जय भीम" असं म्हटलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पक्षानं बहुधा मुलांच्या डोक्यावरून हात फिरवायला सांगितलं असावं आणि वयाची अट घालायची राहून गेली असावी. माझं लग्न ठरत होतं त्या दिवसांत. अख्ख्या युवक मंडळादेखत माझा भांग विस्कटला.

पुढे त्यांना 'जय भीम'ची इतकी सवय झाली की ते कुठंही तोंडातून जाऊ लागलं. रामकुंडावर एका गुरुजींना त्यांनी सकाळी सकाळी जय भीम घातला आणि गुरुजींच्या हातातली पळी पाण्यात पडली, ही हकिगत त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितली, तीही फार मोठा गुन्हा कबूल केल्यासारखी नाही, तर आज भाजी स्वस्त मिळाली अशा सुरात. त्यांचे प्रश्न ठरलेले होते. पाणी येतं का, मुलं शाळेत जातात का, काही अडचण? तिन्ही प्रश्न ते प्रत्येक घरी विचारत, उत्तर मान डोलावत ऐकत आणि खरोखर नगरपालिकेत जाऊन बसत. तिथं त्यांचं कुणी ऐकत नसे. मग परत येऊन ते आम्हाला सांगत की आज त्यांचं कुणी ऐकलं नाही, आणि आई त्यांची समजूत घालत असे.

समजूत घालायची तिची रीत म्हणजे ताट. हे पाटावर बसत, दोन्ही हात जोडत आणि म्हणत, "साधंच वाढा." आमच्याकडे साध्याशिवाय दुसरं काही असायचं कुठं? असायचं ते रविवारी, आणि नेमके रविवारीच हे यायचे. घरोघरी मटणाचा रस्सा शिजत असायचा आणि हा शुद्ध शाकाहारी माणूस त्या घमघमाटात श्वास बेताबेतानं घेत गल्लीतून चालायचा. कपाळाला आठी मात्र कधी नाही. आई निफाडकडची, ती त्यांच्यासाठी पिठलं हाटायची, बाजरीची भाकरी थापायची आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाटायची. ठेच्यानं त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं आणि ते पुन्हा मागून घ्यायचे. आईला तेवढ्यानं माणूस आवडला. जेवणाऱ्याचं पोट बघायचं, पक्ष बघायचा नाही, असा तिचा साधा हिशोब होता. मतं अर्थात आम्ही त्यांना कधीच दिली नाहीत. ते निवडणूक हरायचे आणि दुसऱ्या दिवशी कॉलनीत येऊन, "या खेपेला वातावरण चांगलं होतं," असं सांगून जेवून जायचे.

माझं त्यांच्याशी भांडण होतं ते एकाच मुद्द्यावर, आणि तो मुद्दा आजही मला खोटा वाटत नाही. हा माणूस आमच्याकडे इतकी वर्षं जेवतो, पण आम्हाला कधी घरी बोलावतो का? भाकरी एकाच बाजूनं का जाते? या विषयावर मी नांदगावला दणदणीत भाषण केलं. मनमाडच्या गाडीत केलं. घरी तर रोजच करायचो. आणि संपर्कवाले समोर आले की चहा ठेवायला आत जायचो. एकदा मात्र मी धीर करून विचारलं, की तुमच्याकडे कधी बोलावताय? त्यांनी पायजम्याची, म्हणजे त्या दिवशी नेमका पायजमा होता, नाडी चाचपली आणि म्हणाले, "रंगकाम काढलंय हो घराचं. ते एकदा झालं की या." हे रंगकाम पुढे एक लोकसभा, एक विधानसभा आणि नगरपालिका एवढं चाललं. रंगाच्या एवढ्या हातांनंतर त्यांच्या घरात माणसं मावत तरी कशी असतील, असा विचार माझ्या मनात येई. ते गाव सोडून गेले नाहीत, यायचे थांबले नाहीत, फक्त त्या प्रश्नाला खाली बघायचे. मला त्यात विजय वाटायचा. आईला वाईट वाटायचं. ते तिनं बोलून दाखवलं नाही इतकंच.

एका रविवारी त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, काही अडचण? आई म्हणाली, "एक हाय. तुमचं घर बघायचं हाय." त्यांनी पुन्हा रंगकामाचं कारण पुढे केलं. आई "बरं" म्हणाली आणि त्यांना आणखी अर्धी भाकरी वाढली. पुढच्या रविवारी सकाळी तिनं पांढरं लुगडं नेसलं, डोक्यावरून पदर घेतला आणि मला म्हणाली, चल. कुठं विचारलं तर म्हणाली, "संपर्काला. त्यांच्या वस्तीत कुनी जात नाय."

रविवार कारंजाजवळच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड होतं. बसमध्ये मी मनातल्या मनात भाषण जुळवत होतो. अपमान झालाच तर काय बोलायचं ते तयार होतं, सुरुवात आणि शेवट दोन्ही जोरकस होते. जिन्याशी पोचलो आणि मी चपला काढल्या. खाली, रस्त्यावर. वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांच्या पायताणांची माती होती, पण क्रांतिकारकाचे पाय आपोआप मोकळे झाले. आई मागं वळून बघत म्हणाली, "घाल त्या. कुत्रं नेईल." ती तशीच वर गेली आणि दाराशी, जिथं सगळे काढतात तिथं, तिनं वहाणा काढल्या.

दार संपर्कवाल्यांनीच उघडलं. अंगात बंडी, हातात वर्तमानपत्र. आम्हाला बघून त्यांच्या तोंडून "जय भीम"सुद्धा फुटेना. त्यांच्या मागं भिंती दिसत होत्या. त्यांना चुना लागून एक पिढी गेली असावी. आईनं हात जोडले, आत जाऊन सतरंजीवर बसली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला म्हणाली, "पानी येतं का, बाई? पोरं शाळंत जातात का? काही अडचण?"

माझं भाषण कुठं गेलं कुणास ठाऊक. मी त्यांच्या घरातल्या कॅलेंडरकडे बघत बसलो. मग त्या बाई हळूच आईजवळ येऊन बसल्या आणि सांगू लागल्या. पाणी खाली येतं, वर चढत नाही, लग्न होऊन आल्यापासून हंडे वाहतेय. गुडघे गेलेत. मुलगा पुण्याला, पत्र टाकत नाही. आई मान डोलावत होती, अगदी संपर्कवाल्यांसारखी. सगळं सांगून झाल्यावर बाईंनी पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, आज पहिल्यांदा कुणी विचारलं. संपर्कवाले वर्तमानपत्राच्या मागं गेले होते. आईनं त्यांना तिथून बाहेर काढलं, "दादा, आम्हाला बोलवायला यांचाच नकार होता ना?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. ते काही बोलायच्या आत बाईच म्हणाल्या, "मला विचारलं कधी यांनी?"

इतकी वर्षं तो भला माणूस सगळ्या गावाची दारं वाजवत फिरला होता आणि आपल्या घरात नकार गृहीत धरून बसला होता. मला हसू यायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा बघून आलं नाही. तेवढ्यात बाई उठल्या, पानं घ्यायची का विचारलं, आणि आईनं हात जोडून सांगितलं, "घ्या. साधंच वाढा." मग मात्र संपर्कवाले हसले. इतके हसले की ठेचा न खाता डोळ्यांतून पाणी आलं. मी त्या दिवशी लाजत लाजत नको नको म्हणत इतक्या पोळ्या खाल्ल्या की आई बसमध्ये माझ्याशी बोलली नाही.

पुढे पक्षानं त्यांना समितीतून काढलं. मतं आणत नाहीत हे कारण होतं आणि ते खरंच होतं. झेंडा गेला, पण सायकल येत राहिली, आता कॅरिअरवर छत्रीऐवजी बाई असायच्या. हंडे मात्र शेवटपर्यंत सुटले नाहीत. फक्त आता निम्मे हंडे संपर्कवाले वाहायचे. माझ्या मुलाच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला तेव्हा त्याचं वय अटीत बसत होतं, म्हणून ते बिचारं काहीच बोललं नाही.

ते गेले तेव्हा निवडणुकांचीच धामधूम होती. पक्षाची माणसं प्रचारातून वेळ काढून आली, हार घालून जीपमधून निघून गेली. गेलेल्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, जवळची माणसं बाहेरून जेवण आणतात. आईनं कुणाला विचारलं नाही. पिठलं आणि भाकरी फडक्यात बांधली आणि आम्ही तो जिना चढलो. माझ्या चपला पायातच होत्या, हे मला वर पोचल्यावर कळलं. खोलीत त्यांचे नातेवाईक बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, आणि कुणीतरी घसा खाकरला. मी नेहमीसारखा कॅलेंडर शोधू लागलो. आई भिंतीशी बसलेल्या बाईंसमोर जाऊन बसली, फडकं सोडलं आणि हात थांबवून तिनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

बाईंनी सगळ्यांच्या देखत कोपऱ्यातलं ताट पुढे ओढलं. म्हणाल्या, "साधंच वाढा."