आधी सांगा, मग गोळी द्या

सावली गावाजवळच्या ढिवरटोलीत, मासेमारांच्या वस्तीत, कुंताबाई तळ्यातले शिंगाडे आणि मासोळ्या विकून घर चालवायची. नवरा डोमा हत्तीपायानं बसून होता. छप्पन्न सालच्या हिवाळ्यात हत्तीपायाच्या तपासणीला काही माणसं आली, रात्री घरोघर फिरून बोटांतलं रक्त काचेवर घेऊन गेली. पुन्हा कोणी फिरकलं नाही.

दीड वर्षानं नागपूरचे एक डॉक्टर आले, सोबत सावलीचा गफ्फार कंपाउंडर. हत्तीपायावरच्या गोळ्या किती दिवस द्याव्यात, हे त्यांना या टोलीत तपासायचं होतं. पाटलानं परस्पर होकार दिलेला. देवळापुढे गोळ्या वाटायला घेतल्या तशी कुंताबाई उठली.

"साहेब, मागं आमचं रगत नेलं. त्यात काय निंघालं, कोणी सांगतलं नाई. या गोळीनं काई होते का?"

"काहींना ताप येतो. दोन-तीन दिवस."

"मंग तवा तुमी कुठी राहान?"

पाटील खेकसला, "बाई, साहेबाले सवाल करतं?"

"ताप माह्या घरात येईन ना, भाऊ. मंग इचारू नाई काऊन?"

डॉक्टरांनी डबा बंद केला आणि ते तिथंच खाली बसले. "अजून काय विचारायचंय?"

मग सगळेच बोलू लागले. इसरूला धानाच्या रोवण्यात, ऐन लावणीत, अंथरूण धरणं परवडणार नव्हतं. कलाबाईची सून पोटुशी होती. डॉक्टर लिहीत गेले.

महिन्याभरानं ते कागद घेऊन आले, गफ्फारनं तो टोलीच्या बोलीत वाचला. गोळ्या रोवणा आटोपल्यावर. पोटुशी बाया वगळून. गफ्फार तापाचे दिवस टोलीतच राहील. नको म्हणणाऱ्यावर जबरदस्ती नाही.

"आन काय निंघालं ते सांगाले कोण येईन?" कुंताबाईनं विचारलं. ते राहूनच गेलं होतं. डॉक्टरांनी तिथंच ओळ वाढवली.

गोळीनं डासांतून पसरणारे रक्तातले जंतू मरतील, पण डोमाची जुनी सूज उतरणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. कुंताबाई त्या दिवशी रडली. डोमा म्हणाला, "लेकराइचे पाय त वाचतीन," आणि त्यानं गोळी घेतली. सात घरांनी घेतली नाही, त्यांना कोणी बोललं नाही. ताप पुष्कळांना आला. गफ्फार दारोदार फिरत राहिला.

संक्रांतीला डॉक्टर खरंच आले. बहुतेकांच्या रक्तातले जंतू गेले होते, काहींचे का उरले ते त्यांनाही कळलं नव्हतं, आणि तसं त्यांनी सांगितलं. मग कुंताबाईला म्हणाले, "गडचिरोलीकडच्या एका गावात काम सुरू करतोय. याल?"

"मी तिथी काय सांगू?"

"काही सांगू नका. फक्त बायकांना विचारायला लावा."

चार दिवसांनी ती जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली.