चंदूशेठची पांढरी गाडी

"काल हळदीला दिलीत ना गाडी? मग आता बोला की!"

"हळू बोल. रस्त्यावरचे लोक बघतायत."

"बघू देत. चंदूशेठची गाडी बसलीय, फुकटात बघायला मिळतेय बिचाऱ्यांना. कालची पोरं बोलवा, परत चढवा टपावर. बेंजो तेवढा वाजवायचा राहिलाय."

"मंजुळा, तोंड आवर."

"तोंड आवरूनच होते मी. परवा बोलले, प्रीतमला नका देऊ गाडी. काल बोलले, नका देऊ. तर म्हणे, हळदीला नाय कसं म्हणायचं? आता प्राप्तीला फोन करा नि सांगा, नाय कसं म्हणायचं ते."

चंदूने फोन काढला, नुसता हातात धरला आणि परत खिशात टाकला.

अलिबागच्या रस्त्यावर, पोयनाडच्या थोडं पुढे, एका चिंचेखाली ती पांढरी गाडी उभी होती. उभी कसली, म्हैस चिखलात बसावी तशी मागच्या पायांवर बसली होती. मागची चाकं मडगार्डच्या कमानीत पार रुतलेली, पुढचं नाक आभाळाकडे. नाताळची गर्दी सुरू झालेली. मुंबईहून निघालेल्या गाड्या शेजारून जाताना मुद्दाम हळू व्हायच्या. एकाने काच खाली करून विचारलंही, "अंकल, आराम करतेय का ती?" आतली पोरं खिदळली. चंदू त्यांच्याकडे बघून हसला. वर्षानुवर्षांची सवय. गाडीकडे कुणी बघितलं की त्याच्या चेहऱ्यावर हसू यायचंच.

मागच्या सीटवर ओटीचं सामान होतं. हिरवी साडी, नारळ, तांदूळ, बांगड्यांचा डबा. लेकीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचं, ते सातव्या महिन्यात. आठव्यात हलवत नाहीत. आणि दिवे लागल्यावर पोटुशी बाई उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. हे चंदूच्या गावातही असंच आणि रेवदंड्याकडच्या व्याह्यांच्या गावातही असंच. प्राप्तीला उद्यापासून आठवा लागत होता. म्हणजे आजचाच दिवस. आणि त्यातही ऊन असेपर्यंतच.

आधी का नाही आणलं? तर गाडी गॅरेजात होती म्हणून.

डोंबिवलीत, मानपाड्याच्या मागे चंदूचा बाप भात लावायचा. अर्धं शेत कारखान्यांत गेलं, अर्धं बिल्डरने घेतलं. तिथे टॉवर उठायला लागले तेव्हा चंदू त्या टॉवरना पाण्याचे टँकर पुरवायचा. आपल्याच बांधावर उभारलेल्या गेटातून आत जायला वॉचमनच्या वहीत सही करायचा. बिल्डरची ही गाडी समोरून आली की टँकर मागे घ्यावा लागायचा, पार नाल्याच्या कडेपर्यंत. कितीदा घेतला असेल, त्याची गणती नाही. बिल्डरने नवी गाडी घेतली आणि ही काढायची म्हटलं, तेव्हा चंदूने घरात कुणाला विचारलंसुद्धा नाही. थेट अंगणात आणून उभी केली. परदेशी बनावट, आत कातडी सीट, टपाला सरकणारी काच. मंजुळा ओवाळायला आली तर तिला म्हणाला, "पहिली बस तर खरी!" ती बसली. पाय कुठे ठेवावेत ते तिला कळेना, म्हणून तिने चपला काढून मांडीवर घेतल्या.

पुढे नळाला पाणी आलं आणि टँकर बंद पडले. गाडी राहिली. दुपारी चंदू तिच्यात जाऊन बसायचा, काचा लावून, एसी चालवून. कुठे जायचं नसायचं. वर्षातून एकदा टिटवाळ्याचा गणपती, एवढीच तिची धाव. बाकी लग्नं. गावात कुणाचीही हळद असो, नवरदेव चंदूशेठच्या गाडीतून मांडवात येणार, टपाच्या काचेतून अर्धा बाहेर निघून, हात जोडून. गाडीचं भाडं चंदूने कधी घेतलं नाही. त्याबदल्यात मांडवात पहिली खुर्ची त्याची असायची. 'चंदूशेठ आले, चंदूशेठ आले' अशी हाक उठायची. गाडी नसती तर तो नुसता चंदूच असता, टँकरवाला, तोही बंद पडलेला. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

या गाडीला लोखंडी स्प्रिंगा नाहीत. रबराच्या फुग्यांत हवा भरून ती उभी राहते. फुगा फाटला की बसते. गॅरेजवाल्याने दुरुस्त करून देताना बजावलं होतं, जुनं रबर आहे, भार टाकू नका. चंदूने मान हलवली. आणि त्याच संध्याकाळी चुलतभावाचा प्रीतम दारात. "काका, नवरदेव मी आहे. मी काय रिक्षातून येऊ?"

रात्रभर पोरं टपावर, बॉनेटवर, दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर लटकून नाचली. सकाळी गाडीची एक बाजू खाली आलेली. चंदूने इंजिन चालू केलं. गाडी हळूहळू वर उठली.

"बघ, उठली की नाय?"

"उठली. तुमच्यासारखीच. उशिरा, नि कण्हत," मंजुळा म्हणाली होती. "भाड्याची गाडी सांगू का? अजून वेळ आहे."

"व्याह्यांना मी शब्द दिलाय. लेक माझ्या गाडीतून येणार."

साखरपुड्याला व्याही हरिहर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "डोंबिवलीकडच्यांच्या गाड्या नुसत्या हळदीपुरत्या. आमच्या गावापर्यंत कुठल्या यायला!" सगळे हसले होते. चंदूही. पण ते वाक्य त्याच्या पोटात तेव्हापासून पडून होतं.

पेण गेलं, वडखळ गेलं, आणि पोयनाडच्या पुढे मागून फस्स असा आवाज आला.

"ती सहा सीटर रिक्षा थांबवा," मंजुळा म्हणाली. "गाडी राहू दे इथेच. कोण नेणारेय? हलत तर नाय."

"लेकीला आणायला सहा सीटरमधून जाऊ? कोळणींच्या टोपल्यांत बसून?"

"हो! टोपलीत बसून. डोक्यावर घेऊन जाईन मी टोपली. पण चला."

"टोइंगवाला येतोय. बोललाय तो, निघालो म्हणून."

"मग मी एकटी जाते."

"तू एकटी गेलीस की काय बोलतील? बापाला तोंड दाखवायची लाज वाटली. थांब जरा."

ती थांबली. हेच तिचं चुकलं, असं तिने नंतर कितीदा तरी म्हटलं. टोइंगवाला निघालो-निघालो म्हणत राहिला. जवळच्या गॅरेजातला माणूस बाइकवरून आला, वाकला, "ही आपल्या हातातली नाय शेठ" म्हणाला नि गेला. प्राप्तीचे फोन येत होते. पहिल्यांदा, "आई, कुठे पोचलात? मी बॅग दारात आणून ठेवलीय." मग, "आई, पाहुण्यांचं जेवण लागलंय, भाकऱ्या थापायला बोलावलंय, तेवढ्या करते." मग अगदी बारीक आवाजात, "आई, तुम्ही येताय ना?"

व्याह्यांनी वाडीत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या. जावई बोटीवर, आठ-आठ महिने समुद्रात. खोल्या धुणं, चादरी बदलणं, मासे साफ करणं, भाकऱ्या. प्राप्तीचे पाय घोट्यापर्यंत सुजलेत, हे तिने आईला सांगितलं होतं. बापाला सांगू नको, ते उगाच भांडतील, असंही म्हणाली होती. मंजुळाने बापाला सांगितलं. बाप भांडला नाही. म्हणाला, "आणू की सातव्यात. गाडी घेऊन जाऊ, बघतच राहतील."

ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेलं तेव्हा मंजुळाने स्वतःच हात करून सहा सीटर थांबवली, ओटीचं सामान आत टाकलं आणि चंदूकडे न बघता बसली. चंदूने गाडी कुलूपबंद केली, आरशांच्या दोन्ही काचा रुमालाने पुसल्या आणि तिच्या मागे चढला.

सहा सीटर फाटकाबाहेर थांबवून दोघं आत आली तेव्हा प्राप्तीची सासू रंभा तुळशीपुढे वात सरळ करत होती. खोल्यांवरच्या रंगीत माळा लागलेल्या. अंगणात पाहुण्यांची पोरं धावत होती.

"या या, विहीणबाई! किती वाट बघायला लावलीत. चूळ भरा, चहा घ्या. गाडी कुठे लावलीत व्याही? आमचं गेट लहान पडेल म्हणून पोरांनी सकाळीच दोन खांब काढून ठेवलेत."

"मागे आहे," चंदू म्हणाला. "थोडं काम निघालं."

"निघायचंच. मोठी गाडी म्हटली की काम आलंच." रंभाने वात लावली, हात जोडले. मग वळली. "पण आता दिवे लागले हो. तिन्हीसांजेची पोटुशी बाई कशी पाठवणार? नि उद्यापासून आठवा. आठव्यात कुणी हलवतं का? नवव्यात डॉक्टरच प्रवास करू देणार नाय. राहू दे इथेच. आम्ही काय परके आहोत? लेकीसारखी ठेवलीय."

"लेकीसारखी?" मंजुळा म्हणाली. "लेकीला सातव्या महिन्यात पन्नास माणसांच्या भाकऱ्या थापायला बसवता तुम्ही?"

"विहीणबाई, सकाळी आला असतात तर बॅग मी स्वतः गाडीत ठेवली असती. मी कुठे अडवलं? रीत तुमच्याकडेपण हीच ना? विचारा व्याह्यांना."

चंदू ओट्याच्या कडेला बसला होता. त्याने मान हलवली. रीत हीच होती.

प्राप्ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला पीठ, पदर खोचलेला. बॅग अजून दारातच होती, कुणीतरी तिच्यावर ओले टॉवेल वाळत टाकले होते. तिने टॉवेल उचलून बाजूला ठेवले.

"बाबा, रिक्षा आहे अजून बाहेर?"

"आहे," मंजुळाच म्हणाली.

"मग मी येते. मला मोठी गाडी नको. रीत नको. रिक्षातून पनवेलपर्यंत जाऊ, पुढे काहीतरी मिळेल."

"अगं, खुळी झालीस का?" रंभा म्हणाली. "पोटात वारस आहे. वाटेत काही झालं तर नाव कुणाचं येईल? तुझ्या बापाचंच."

"बाबा, मी रात्री झोपत नाय. कूस बदलली की पायात गोळे येतात. इथे कुणाला हाक मारायची मी? तुम्ही फक्त 'चल' म्हणा. एवढंच म्हणा. बाकी मी बघते."

हरिहर आतून येऊन दारात उभे राहिले होते. अंगणातली पाहुण्यांची पोरंही थांबून बघत होती. चंदूला दिसत होतं, पोरीच्या गळ्याची हाडं वर आलीत. तिच्या पायाकडे त्याने बघितलं नाही. वाटेत काही झालं तर गावात काय म्हणतील, ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं. एकेकाच्या आवाजात. मांडवातल्या पहिल्या खुर्चीमागून.

"अहो," मंजुळा म्हणाली. "बोला ना. पोर विचारतेय."

"बाबा?"

चंदू उठला. चपला शोधल्या, एक सापडली, दुसरी पायाने ओढून घेतली. हरिहरांना वाट देण्यासाठी तो एक पाऊल मागे सरला, मग दारातली बॅग तशीच ठेवून एकटाच अंगण ओलांडून फाटकाबाहेर गेला.