सत्यवानाचा राखणीचा कोंबडा

आमच्या शेजारचा सत्यवान मुंबईतल्या एका गोदामाची मुकादमी संपवून आचऱ्याला परतला, तो सगळे आधीच ठाऊक असल्याच्या थाटात. माडाला पाणी कधी घालावे हेही तो माडांत जन्म काढलेल्यांना सांगतो. आमच्या वाडीत दरवर्षी एक घर देवचाराला, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाला, राखणीचा कोंबडा देते. कोंबडा धडधाकट हवा. गेल्या वर्षी दत्तारामचा कोंबडा जरासा लंगडताना दिसला, तर हा चारचौघांत म्हणाला, "देवचाराक लंगडो पावणो?" दत्ताराम बिचारा मान खाली घालून उभा राहिला.

यंदा पाळी सत्यवानाची. त्याने झुपकेदार शेपटीचा कोंबडा निवडला आणि देवाचा म्हणून ओळखू यावा यासाठी त्याच्या पाठीला पिंजर, म्हणजे कुंकू, फासले. ठेवला मात्र डझनभर कोंबड्यांत, बाकाएवढ्या खुराड्यात. बाहेर सोडल्या तर मुंगूस नेईल म्हणे.

लवकरच शेपटीची पिसे गळू लागली, पाठीवर रक्त दिसू लागले. मी कुंपणावरून म्हटले, "सत्यवाना, ती पिंजर आधी पूस. लाल दिसले की कोंबड्या टोचतात. त्याला वेगळा ठेव, हळद लाव. बाकीच्यांना परसात मोकळे सोड."

"काकी, तुम्ही नन्सच्या शाळेत शिकलल्यात. देवाधर्मातला तुमका काय कळतला? नजर लागली ती."

नजर उतरावी म्हणून त्याने आणखी पिंजर फासली. रोज सकाळी. कोंबड्याही मग रोज सकाळची वाट पाहू लागल्या.

त्याची बायको शर्मिला विहिरीवर म्हणाली, "लग्नात माका जितकी हळद लागाक नाय, तितकी पिंजर त्या कोंबड्याक!"

राखणीच्या दिवशी त्याने कोंबडा टॉवेलात गुंडाळून आणला. देवचाराला घालायचे गाऱ्हाणे, म्हणजे साकडे, सुरू होणार, तोच दत्तारामने टॉवेल उचलला. मागून कोंबडा पार उघडा.

"सत्यवाना, शेपटी खंय रे? पोस्टान येतली?"

सगळी वाडी हसली. शेवटी सत्यवानाला सर्वांसमोर दत्तारामकडेच कोंबडा मागावा लागला. दत्तारामने तो आणून त्याच्या पायाशी सोडला. "चालवन बघ हां. लंगडता काय?"

दुसऱ्या दिवशी मी कुंपणावरून पाहिले. बिनशेपटीचा कोंबडा त्याच खुराड्यात, पाठीवर ताजी पिंजर. आता नजर दत्तारामची लागली होती म्हणे.